मालक फिरतीवर, वीस तारीख जागेवर

नोकरीत रजेची मारामार, म्हणून जगभर हिंडण्यासाठी स्वतःचा धंदा काढायचा, हा बेत ऐकायला झकास आहे. पण जीएसटी नोंदणीला व्यवसायाचे मुख्य ठिकाण दाखवावे लागते, तिथे नावाची पाटीही हवी. ‘सध्या गोकर्ण, पुढे बाली’ हे त्या रकान्यात मावत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याच्या मागे ११ आणि २० तारीख लागलेली. विक्री शून्य असली तरी भरायचेच, नाहीतर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. (न कमावल्याचाही हिशेब द्यावा लागतो, हे धंद्यात पडल्यावरच कळते.) सगळे मोबाइलवरून होते की, असे कुणी म्हणेल. होते ना! ग्राहकही मोबाइलवरूनच गाठतो, आणि हिमाचलातल्या होमस्टेत मालक हिमशिखरे सोडून रेंजच्या काड्या मोजतो. मग हाताखाली माणूस ठेवावा, तर त्याला पगार हवा आणि, कहर म्हणजे, फिरायला जायला रजाही.