अपग्रेडचा फाटा

अपग्रेड म्हणजे काय, हे पळस्प्याच्या माणसाला कोणी सांगायला जाऊ नये. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा माझा भाचा माणगावच्या बालवाडीत डबा सांडत होता. आता तो इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो आणि शनिवारी घरी जाताना 'काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा' हे फलक वाचत वाचत जातो. त्यामुळे "मामा, मला स्वस्तातला आणि अपग्रेड होणारा गेमिंग पीसी बांधायचाय," असं तो म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. स्वस्त मला कळतं. अपग्रेड होणारं म्हणजे आज अर्धं घ्यायचं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मामाने जिवंत राहायचं.

ताईने फोनवर बजेट जाहीर केलं: ₹50,000, आणि 'अभ्यासासाठी'. भाच्यानेही मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रात्री जेवणं झाल्यावर वहीत यादी सुरू झाली. पहिला मुक्काम सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या बैठकीवर. एएमडीचे रायझन प्रोसेसर 2017 मध्ये ज्या एएम-फोर सॉकेटवर आले, त्या वेळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट केलं की 2022 चा प्रोसेसरही चालतो. पाच वर्षं तोच पाया! मी म्हटलं, हेच घेऊ या, खानदानी दिसतंय. भाचा म्हणाला, "मामा, ते खानदान संपलं. आता एएम-फाइव्ह." हे 2022 मध्ये आलं आणि निदान 2027 पर्यंत चालवू, असा कंपनीने शब्द दिलाय. फक्त त्याला डीडीआर-फाइव्ह रॅमच लागते. जुनी डीडीआर-फोर आणून दाबून बसवू म्हटलं तर बसत नाही. पट्टीवरची खाच मुद्दाम निराळ्या जागी कोरलेली असते. एएम-फोरच्या प्रोसेसरच्या पोटाला 1331 पिना असत, म्हणजे अकराचा घन. शाळेत घन पाठ करून घेणाऱ्या गुरुजींची त्या रात्री मला फार आठवण आली. एएम-फाइव्हमध्ये पिना प्रोसेसरवरून उतरून बोर्डाच्या सॉकेटात गेल्या आहेत. वाकवायच्या झाल्या तर आता बोर्डाच्या वाकतात, एवढाच काय तो फरक.

मग प्रोसेसर. ग्राफिक कार्ड सध्या परवडणार नव्हतं, म्हणून पोटातच बरे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा आणि कार्ड पुढे कधीतरी, असं ठरलं. स्वस्त होता रायझन 5 8500जी. भाचा खूश. पण बारीक अक्षरांतलं वाचायची मला एलआयसीच्या काळापासून सवय. प्रोसेसरपासून ग्राफिक कार्डाकडे डेटा नेणाऱ्या मार्गिका असतात. 8500जी कार्डासाठी चारच देतो, 8600जी आठ देतो आणि साधा 7600 सोळा; पण या शेवटच्याचे पोटातले ग्राफिक्स मॉनिटर पेटवण्यापुरते. "चार पुरतील रे मामा सध्या," भाचा म्हणाला. मी वही मिटली. आमच्या घरात, या फाट्यावर, चौपदरीचं नाव काढायचं नाही. 8600जी लिहिला गेला. त्यामुळे जे पैसे वाढले ते मी भरायचं ठरलं. माझ्याशी कोणी बोललं नाही, पण ठरलं.

रॅमवर खरी खडाजंगी झाली. मी म्हणत होतो, 16 जीबीची एकच पट्टी घेऊ, दुसरी जागा मोकळी राहील, पुढे वाढवता येईल. अपग्रेडचं तत्त्व मी आत्मसात केलं होतं! भाचा म्हणाला, पोटातले ग्राफिक्स रॅमवरच जगतात. एका पट्टीवर त्यांचा दम निम्म्यावर येतो, म्हणून 8-8 च्या दोन. बायको भांडी लावता लावता म्हणाली, "म्हणजे सत्यनारायणासारखं, जोडीने बसवायचं." वाद तिथेच मिटला. मोकळी जागा मात्र गेली, कारण स्वस्त बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा असतात. स्वस्त आणि अपग्रेड होणारं यांची पत्रिका जुळत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यात 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेले, कारण एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी. मी एआयकडून सोसायटीच्या पाण्याची नोटीस लिहून घेतो; त्याचा हिशोब असा चुकता होईल असं वाटलं नव्हतं.

एसएमपीएसच्या बाबतीत मी हट्टाला पेटलो. मुलांचा जीव चकाकणाऱ्या पंख्यांत असतो आणि एसएमपीएस हा वीज पुरवणारा काळा डबा मागे तोंड करून बसलेला असतो, म्हणून सगळी काटकसर त्याच्यावर. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती निरोप घेऊन जात नाही आणि येते ती दार तोडून येते. हलका एसएमपीएस अशा वेळी जातोच, पण एकटा जात नाही. बोर्डाला सोबत घेऊन जातो. शिवाय पुढच्या कार्डाची भूक यालाच भागवायची. 650 वॉट, ब्राँझ. इथे मी एक पैसा कमी होऊ दिला नाही.

कॅबिनेट त्याला समोरून काचेचं हवं होतं. मी त्याला खिडकीशी नेलं. समोरून न्हावाशेव्याचे ट्रेलर चालले होते आणि खिडकीच्या गजावरच्या धुळीत त्याने स्वतःच काल काढलेली रेघ आज पुन्हा भरली होती. समोर जाळी, आत धुळीची धुऊन घेता येणारी गाळणी, असं कॅबिनेट ठरलं. काच बाजूला, भिंतीकडे.

माल लॅमिंग्टन रोडचा. त्याचं कागदावरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने रस्ता विचाराल तर दवाखान्यात पोचाल. शेअर रिक्षा, पनवेलहून हार्बर, कुर्ल्याला बदला, दादरला बदला, ग्रँट रोडला उतरा. ज्या कंटेनरमधून हा माल आला तो आमच्या दारावरून गेला असणार, आणि आम्ही त्याच्यामागे मुंबईला! दुकानदाराने यादी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, कार्ड सेकंडहँड देऊ? एकदम घरेलू वापर." इथेरियमचं मायनिंग 2022 च्या सप्टेंबरात थांबलं, तेव्हा दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डं अशीच 'घरेलू' होऊन बाजारात आली. मी हसलो. तोही हसला. 18 टक्के जीएसटीवर मात्र कोणीच हसलं नाही.

परतीच्या गर्दीत कॅबिनेटचं खोकं मांडीवर घेऊन मी आणि बोर्ड छातीशी धरून भाचा. लोक आम्हाला जागा देत होते. टीव्ही घेतलाय असा त्यांचा समज असावा.

जोडणी झाली, पेटलं. बायकोने जुन्या साडीचं कव्हर शिवून ठेवलंच होतं; पीसीला श्वास घ्यायचा असतो हे तिला पटवण्यात रविवार गेला. मॉनिटर यादीत कोणी धरलाच नव्हता, म्हणून माझ्या ऑफिसच्या कामाचा जुना लावला. भाच्याने व्हॅलोरंट हा गेम सुरू केला आणि कोपऱ्यातला आकडा दाखवत ओरडला, "मामा, सेकंदाला दीडशे फ्रेम!"

"वा! म्हणजे दीडशे दिसतात?"

"नाही. मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे ना. साठच दिसतात."

"मग उरलेल्या नव्वद?"

"त्या बनतात, पण दिसत नाहीत."

"पण लाइटबिल दीडशेचं येणार ना?"

"म्हणून तर म्हणतो मामा," भाचा वही उघडत म्हणाला, "144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला की ते पैसे वाया जाणार नाहीत."