यंत्रात शून्य, तरी पोट्टा ठाण्यात

(वर्धा. दोन घरांच्या मधली कंबरेएवढी भिंत. अलीकडं वैनी मेथी निवडत, पलीकडं मावशी हातात झाडू घेऊन. झाडणं केव्हाच थांबलंय.)

"वैनी, आयकलं काय? मागच्या गल्लीतल्या पोट्ट्याले रात्री पोलिसायनं उचललं म्हन्ते."

"थो मोटारसायकलवाला? अवो, थो तं पीत नाई! त्याची माय आत्ताच नळावर शपथा घेत होती."

"तेच तं! आर्वी नाक्याकडं नाकाबंदी होती. गाडी या कडंची त्या कडं. शिपायानं अडवलं, नळी देल्ली, म्हने फुंक. यानं फुंकलं. आलं शून्य!"

"मंग सोडाचं ना."

"सोडतीन कसे? डोळे लालभडक, जीभ जड. लायसन मांगतलं तं खिशातला रुमाल काढून देल्ला. सरळ चालून दाखव म्हनलं तं शिपायाच्याच खांद्यावर टेकला."

"अवो माय! गांजा?"

"मी काऊन नाव घेऊ? रक्ताचा अहवाल याचा हाय. कोनाच्या पोराले आपल्या तोंडानं बट्टा नको." मावशींनी इकडंतिकडं पाहिलं. "पन कपड्याले वास होता म्हन्ते."

"मशीन शून्य दाखवते, तं कायद्यात बसवाचं कसं?"

"आमचा जावई वकिलाकडं लिहाले हाय, त्यानं सांगतलं. मोटार वाहन कायद्याचं 185 कलम. त्यात दारूले आकडा हाय: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रामच्या वर गेली का गुन्हा. बाकीच्या नशेले आकडा नाई. गाडी आवरता येत नसन इतकी चढली, का झालं. नळीले फक्त दारू कळते, गांजा न् एमडीची पावडर तिच्या बापाले कळत नाई."

"मंग ठरवाचं कोनी?"

"डाक्टरनं. धरल्यापासून दोन घंट्यात तपासनी झाली पाह्यजे, नाई तं सोडून द्या लागते. म्हनून तं जीप दवाखान्याकडं पळवली."

"दोन घंटे? आपल्याले तं चिठ्ठी काढालेच तेवढे लागते!"

"आन् रक्त घेतलं म्हंजे निस्तरलं असंबी नाई. पुन्याचं आठवते ना? 2024 चा मे महिना, कल्यानीनगर, थे पोर्शे गाडी. दोन तरुन इंजिनिअर गेले. गाडीवाल्या पोट्ट्याले आधी तीनशे शब्दाचा निबंध लिहाले लावला. मंग ससूनमंधी रक्ताचा नमुनाच बदलला म्हनून डाक्टरायले अटक झाली."

"इथं आपला गांधीजींचा जिल्हा, दारूबंदी..."

"दारूबंदी हाय म्हनून तं आपन सारे तोंडाचाच वास घेतो! बाटली लपवाले जागा लागते, पुडी घड्याळाच्या खिशात मावते. आन् डिसेंबर 2025 मंधी कारंजा घाडगेकडं झुडपाआड एमडीचा कारखानाच निघाला नाई का? महसूल गुप्तचरवाल्या डीआरआयनं 128 किलो माल धरला, किंमत म्हने 192 कोटी."

"बाप्पा! कापसाच्या पट्टीत आमी एवढे शून्य कधी पाह्यले नाई. बरं, पोट्ट्याले शिक्षा काय होईन?"

"पयल्या खेपेले सहा महिन्यापर्यंत कैद, नाई तं दहा हजार दंड, नाई तं दोनी. दुसऱ्या खेपेले दोन वर्षापर्यंत कैद, नाई तं पंधरा हजार दंड, नाई तं दोनी. पुडी सापडली तं अमली पदार्थाच्या एनडीपीएस कायद्याचं लचांड वेगळं."

"मायले काईच समजलं नसन काय वो?"

"थे रोज रात्री दारात उभी राहून तोंड हुंगे. तोंड चांगलं, म्हंजे पोरगा चांगला. पोट्टा दोन महिन्यापासून जेवाच्या ताटावर डुलक्या घेते, थे कोनी पाह्यलं नाई."

"तिले सांगाले पाह्यजे."

"सांगतलं मी. म्हनलं, बाई, वकील पाह्य, पन डाक्टरबी पाह्य. थे मलेच म्हन्ते, तुमच्या नातवाकडं ध्यान द्या."

"घ्या! पन मावशी, औषधाच्या गुंगीचं काय? आमचे हे दोन झाकनं खोकल्याचं औषध घेतात न् घंटाभर घोरतात. थेबी कलमात बसते काय?"

"कलमात बसो का न बसो, खड्ड्यात तं बसनच!"

"अवो माय! यायनं आत्ताच औषध घेतलं न् सेलूले जाले गाडी काढली... अहो! उतरा खाली! चाबी द्या आधी!"