टेकडीचे हप्ते

पुण्याच्या वेताळ टेकडीवर वेताळाचं देऊळ आहे. पण सकाळी आपल्या पाठुंगळीला बसतात ते काका. गोष्टीतला वेताळ परवडला. विक्रमानं तोंड उघडलं की तो झाडावर परत तरी जायचा. इथे तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात की काका थेट खाणीपर्यंत सोबत.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी निसर्गात रुजू झाले. डोक्याला माकडटोपी, हातात काठी, खिशात लॅमिनेट केलेलं कात्रण. तक्रार कुठलीही असो, औषध एकच. झोप लागत नाही? टेकडी. ॲसिडिटी? टेकडी. मुलाचं लग्न जमत नाही? "त्याला राहू द्या, तुम्ही या टेकडीवर. तेवढीच त्याची कटकट कमी!"

"अहो, 2019 सालचं इंग्लंडातलं संशोधन आहे. 20 हजारांच्या आसपास माणसं. आठवड्याला निदान 120 मिनिटं झाडाझुडपांत काढणाऱ्यांत तब्येत झकास म्हणणारे जास्त निघाले. एकरकमी भरा नाहीतर हप्त्यानं, फायदा तोच!" काकांचे स्वतःचे हप्ते मंगळवारीच फिटतात. उरलेला आठवडा वसुलीचा.

जपानच्या वनखात्यानं 1982 साली 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, पुढे आणलं. रमतगमत चालायचं, पानांचा वास घ्यायचा, पाखरांकडे कान द्यायचा, गप्पा मारायच्या नाहीत. यातली शेवटची अट काका पाऊण तास समजावून सांगतात. परवा उंदीरमारीच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी "शांतता ऐका!" अशी आरोळी ठोकली. पलीकडचा मोर पिसारा आवरून चालता झाला.

काकू कधी टेकडीवर येत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हे तिकडे असतात तेवढा वेळ माझा घरच्या घरी निसर्गोपचार होतो."

मध्यंतरी आमच्या सोसायटीतल्या एकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काका भेटायला गेले ते कात्रण घेऊनच. 1984 साली 'सायन्स'मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या अशाच रुग्णांबद्दल लिहिलं होतं. खिडकीतून झाडं दिसणारे लवकर घरी गेले, जालीम वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. विटांची भिंत दिसणारे मागे राहिले. काकांनी वॉर्डबॉयला हाताशी धरून खाट फिरवली, सलाईनची नळी ताणली गेली तेव्हा थांबले, आणि खिडकीतलं अशोकाचं झाड रुग्णाला रोज दोन वेळा स्वतः जातीनं दाखवू लागले. तिसऱ्या दिवशी रुग्णानं डॉक्टरांचे अक्षरशः हात धरले, "साहेब, मला घरी सोडा."

तेव्हापासून कात्रणाच्या पाठीमागे बॉलपेननं नवी नोंद आली आहे. टेकडीवर भेटेल त्याला काका ती वाचून दाखवतात, "पेनसिल्व्हेनियात जेमतेम पाऊण दिवस वाचला होता. आपल्या अशोकानं दोन वाचवले!"