खेळ सोडून सगळं विकायला

पिनबॉल समजावून सांगायला एक वाक्य पुरतं: गोळी उतारावरून खाली येते, तुम्ही दोन फ्लिपर हलवून ती वर उडवता आणि तरीही ती शेवटी मधल्या फटीतून निघून जाते. एवढ्याशा मालाला मार्केटिंग खातं कशाला लागतं, असं मला वाटायचं. आता वाटतं, मूळ धंदा खात्याचाच आहे, खेळ त्याला नंतर चिकटवलाय.

'स्पेस कॅडेट' आठवतो ना? सिनेमॅट्रॉनिक्सने बनवला, 1995 साली मॅक्सिसने 'फुल टिल्ट! पिनबॉल' या नावाने बाजारात आणला, तीन टेबलांसह. बाकीची दोन म्हणजे स्कल्डगरी आणि ड्रॅगन्स कीप. ही नावं ऐकून तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नसेल. करणारे हात तेच. फरक एवढाच की स्पेस कॅडेट पुढे विंडोज एक्सपीबरोबर आयता आला. मार्केटिंगवाले याला वितरण म्हणतात. आमच्या लेखा विभागात याला 'सिस्टिम स्लो आहे' म्हणत. फ्लिपर हलवायच्या झेड आणि स्लॅश या कळा तिथे जितक्या झिजल्या, तितके आकड्यांचे रकाने नक्कीच भरले गेले नाहीत. विंडोज व्हिस्टात हा खेळ गायब झाला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर कारण सांगितलं: 64 बिटच्या आवृत्तीत गोळी सगळ्यातून आरपार जायची आणि का जाते, ते सापडेना. या खुलाशाविरुद्ध माझी तक्रार नाही. इतकं सरळ कारण या धंद्यात पुन्हा ऐकलं नाही.

आता टेबल घ्यायला ऑनलाइन दुकान उघडावं तर आधी चेहरे दिसतात. बुडापेस्टच्या झेन स्टुडिओजने मार्व्हल आणि स्टार वॉर्सची टेबलं काढली, त्यामुळे आपण पिनबॉल घेतोय की सिनेमाचं तिकीट, हे पैसे भरेपर्यंत कळत नाही. खोड जुनीच म्हणा. 1992 च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' या खऱ्याखुऱ्या यंत्राचे 20,000 हून जास्त नग खपले, तेही सिनेमाच्याच नावावर. पण त्या यंत्रापुढे उभं राहून फ्लिपर तरी दिसायचे. आताच्या खेळांच्या ट्रेलरमध्ये कॅमेरा टेबलाभोवती घारीसारखा घिरट्या घालतो, आणि खेळायला बसलं की आपण मुकाट्याने खालच्या टोकाला.

फारसाइटच्या 'पिनबॉल आर्केड'ची गंमत तर न्यारीच. विल्यम्स आणि बॅली या खरी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेबलांचा त्यांचा परवाना 30 जून 2018 ला संपणार होता. तेव्हा 'लवकर घ्या, नंतर मिळणार नाही' हे वाक्य जाहिरातीच्या इतिहासात एकदाचं खरं ठरलं. लोकांनी घेतली. त्याच वर्षी परवाना झेनकडे गेला आणि 'मिडीव्हल मॅडनेस' हे किल्ल्याचं टेबल झेनच्या 'पिनबॉल एफएक्स थ्री'त पुन्हा विक्रीला आलं. मग झेनचाच नवा 'पिनबॉल एफएक्स' निघाला. त्यात जुन्या एफएक्स थ्रीमधली खरेदी चालेना. किल्ला तोच, दरवाजा तोच, बिल तिसरं.

फुकटातला एक खेळ मी फोनवर ठेवलाय. गोळी गेली की शेतीच्या खेळाची जाहिरात लागते आणि ती बंद करायची फुली तिळाएवढी असते. तिच्यावर नेम धरायला जे कसब लागतं, ते फ्लिपरला कधी लागलं नाही. काल त्याने विचारलं, खेळ आवडला का? पाच तारे दिलेत तर एक गोळी फुकट.

दिले.