आधी मेंढरं, मग कोंढाणा

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ साली आला. तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत बसणारे आम्ही लोक तो आमच्या पद्धतीने खेळायचो. संगणकाची पातळी ‘सोपी’ ठेवायची, चहूबाजूंनी दगडी तट घालायचा, आत निवांत शेती करायची आणि पुरेसे हत्ती जमले की बाहेर पडून शत्रूला सपाट करायचं. शत्रूही मोठा समजूतदार असायचा. २०१९ मध्ये खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि भाच्याने मला जिवंत माणसांपुढे बसवलं. जिवंत माणूस आपला तट पुरा होईपर्यंत थांबत नाही, हे तेव्हा कळलं.

आता गनिमी कावा, खिंड अडवणं असलं काही शिकायला मिळेल म्हणून मी सरसावून बसलो, तर भाच्याने सुरुवात केली मेंढ्यांपासून. तीन गावकरी, एक टेहळणीचा घोडेस्वार आणि एक टाउन सेंटर, म्हणजे टीसी, एवढ्यावर राज्य उभं करायचं असतं. दर पंचवीस सेकंदांनी पन्नास अन्न मोजायचं आणि टीसीतून नवा गावकरी काढायचा. सेकंद अर्थात खेळातले. आपल्या घड्याळात ते पंधराच भरतात. पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे चौघे लाकडावर. पाच डोकी वाढली की पंचवीस लाकडांचं एक घर, नाहीतर पुढचा जन्म अडतो. तानाजीने आधी कोंढाण्याचं लगीन लावलं; इथे किल्ल्याला साडेसहाशे दगड लागतात आणि तो येतो तिसऱ्या युगात. तोवर निव्वळ प्रपंच. गावकरी काढायला क्षणभर उशीर झाला की मागून आवाज येतो, ‘‘मामा, टीसी रिकामं आहे!’’ सैन्य कापलं गेलं तर भाचा शांत असतो. टीसी रिकामं राहिलेलं मात्र त्याला बघवत नाही.

रानडुकराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मेंढीत १०० अन्न, रानडुकरात ३४०, म्हणून त्याचा मोह. पण ते जिथे चरतं तिथेच मारलं तर मांस वाहण्यात वेळ जातो. म्हणून एक गावकरी जातो, बाण मारून त्याला डिवचतो आणि घराकडे धूम ठोकतो. डुक्कर त्याच्या मागे. ते टाउन सेंटरपाशी आलं की मेंढ्या कापणाऱ्या सगळ्यांनी उठून त्याच्यावर तुटून पडायचं. नेमक्या त्याच क्षणी घर बांधायचं असतं, घोडेस्वार शत्रूच्या टाउन सेंटरखाली जाऊन बाण खात असतो, आणि डुकरापुढे पळणारा माणूस झाडात अडकतो. नॉर्वेच्या ‘द वायपर’सारखे नामांकित खेळाडू हे सगळं प्रेक्षकांशी गप्पा मारत करतात. माझं तेवढ्या वेळात बोलणं तर सोडाच, चहा निवतो.

२०२२ मध्ये खेळाडूने निवडायच्या राज्यांत गुर्जर आले, तेव्हापासून मी बहुधा तेच घेतो. त्यांना मेंढ्या कापाव्याच लागत नाहीत. त्या गिरणीत नेऊन ठेवल्या की हळूहळू अन्न मिळत राहतं. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर राज्य चालवणं माझ्या प्रकृतीला मानवतं. मराठे या खेळात नाहीत. खेळाचा काळ त्यांच्या आधीच आटोपतो, आणि माझ्या हातून त्यांची जी शोभा झाली असती ती पाहता ते बरंच आहे.

सामने जुळवले जातात एलो गुणांवर. अर्पाद एलो हे जन्माने हंगेरियन, अमेरिकेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आणि स्वतः उत्तम बुद्धिबळपटू. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारलेली त्यांची पद्धत आता माझ्या मेंढ्यांपर्यंत पोहोचली आहे. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातावर हजार गुण ठेवतात. हरलो की आपण खाली जातो आणि समोर येणाराही तिथलाच असतो. जिंकलो की तोही वरचा मिळतो. म्हणजे कितीही घाम गाळला तरी साधारण निम्मे सामने हरायचेच. खेळ सुधारतोय की नाही हे निकालावरून कधी कळत नाही. चाळिशीनंतर असला छंद कुणी लावून घ्यावा, हा प्रश्न घरात विचारून झाला आहे.

मी आठशेच्या आसपास स्थायिक झालो आहे. परवा हरलेल्या एका सामन्याचं रेकॉर्डिंग भाच्याने लावलं. त्यात दोन्ही बाजू दिसतात. खेळताना हा शत्रू मला चेंगीझखान वाटला होता. प्रत्यक्षात त्याचा एक माणूस डुकराने मारला होता, चौघे संपलेल्या बोरीच्या झुडपापाशी हात हलवत उभे होते, आणि त्याच्या लाकडी कुंपणात एक घर जाईल एवढं खिंडार होतं. माझे भालाईत त्या खिंडारासमोरच उभे होते. मी घरी लाकूडतोड्यांची सोय लावत होतो.

‘‘हा पण तुझ्यासारखाच आहे, मामा,’’ भाचा म्हणाला. एलोसाहेबांचं गणित अगदी चोख आहे.