अल्पसंतुष्ट झाडाविरुद्ध तक्रार

"याला काही करावं लागत नाही हो," हे वाक्य ज्या नर्सरीवाल्याने पहिल्यांदा उच्चारलं तो आज कुठे असेल ते असो, पण त्याच्या वारसांना जबाबदार धरायची वेळ आली आहे. तुम्हीही हे ऐकलं असणारच. कढीपत्त्याचं रोप मागा, तो माणूस ऊन, छाटणी, आंबट ताक सगळं सांगेल. जास्वंद घ्यायची म्हटलं तर जवळजवळ तुमची मुलाखतच घेईल: गॅलरी कुठल्या दिशेला, घरात माणसं किती, सुट्टीत गावाला जाता का. निवडुंगाच्या रांगेपाशी आलात की मात्र एकदम हात वर. "आठवड्याला एक झाकण पाणी. बस्स." कसलं झाकण, हे विचारायची पद्धत नाही. बाटलीचं झाकण आणि डब्याचं झाकण यांत जो फरक आहे तोच पुढे जीवनमरणाचा ठरतो, पण तोवर आपण पैसे देऊन रिक्षात बसलेले असतो.

मुळात झाकणाचा हिशोबच चुकीचा आहे. निवडुंगाला पाणी घालायचं ते खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि मग माती तळापर्यंत खडखडीत वाळेस्तोवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही. उन्हाळ्यात ही वेळ आठ-दहा दिवसांनी येते, थंडीत महिन्याने, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जवळजवळ येतच नाही. झाकणभर पाण्याने वरचा थर ओला दिसतो, मुळं कोरडी राहतात आणि आपल्याला कर्तव्यपूर्तीचं समाधान मिळतं. लाभार्थी सोडून सगळे खूश.

बरं, पाणी वाहून जायचं तर माती तशी हवी. रोप येतं ते कोकोपीटमध्ये, कारण कोकोपीट हलकं, टेम्पोत परवडतं. एकदा भिजलं की ते दिवसेंदिवस ओल सोडत नाही, आणि पार वाळलं की पाणी चटकन आत घेत नाही, कडेकडेने खाली सोडून देतं. म्हणजे रोप घरी आणल्यावर पहिलं काम त्याला त्या घरातून बाहेर काढण्याचं. मग जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे, लोणारी कोळसा आणि नावापुरतं गांडूळखत. वाचायला सोपं आहे. शहरात पिशवीभर वाळू मागून बघा, बांधकामावरचा मुकादम आपल्याकडे असं पाहतो जणू मागे डंपर उभा आहे. आता सगळीकडे क्रश सँड, आणि तीत दगडाची भुकटी इतकी की चाळून घ्यावी लागते. चाळून खाली पडतं ते टाकायचं आणि वर राहतं ते ठेवायचं, हे एवढं उलट तंत्र मी शांतपणे समजावून सांगत असताना घरातून एकच वाक्य आलं, "अहो, ती रव्याची चाळण आहे." मुद्दा निचऱ्याचा होता, चर्चा चाळणीवर गेली. सभागृहात हेच होतं.

आणि कुंडी? घुबडाच्या आकाराची, हत्तीच्या आकाराची, चष्मा लावलेल्या मांजराच्या आकाराची कुंडी मिळते. बुडाला भोक असलेली मागितली की दुकानदार म्हणतो, "अहो साहेब, टेबलावर पाणी सांडेल ना!"

निवडीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. त्या रांगेत हिरव्या खांबावर लालभडक किंवा पिवळाधमक गोळा बसवलेला निवडुंग असतो, आणि पाहुण्यांना द्यायला सगळे तोच उचलतात. ही मुळात दोन झाडं आहेत. वरच्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. एरवी असलं रोप उगवून काही दिवसांतच मेलं असतं. १९४० च्या सुमाराला जपानमध्ये कोणीतरी ते दुसऱ्या निवडुंगावर कलम करून जगवलं, आणि तेव्हापासून खालचा हिरवा खांब, जो सहसा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा असतो, मुकाट्याने दोघांचं पोट भरतो. फोटो वरच्याचे निघतात. कुठल्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. पुढे काही वर्षांत दोघांचा वाढीचा वेग जुळेनासा होतो, सांधा सुटतो, आणि आपण म्हणतो, निवडुंग गेला. कोणता, हे कोणी विचारत नाही.

दुसरा प्रकार फुलं असलेल्या निवडुंगाचा. जवळून पाहा: फुलाच्या बुडाशी गोंदाचा पारदर्शक थेंब दिसेल. ते वाळवलेलं कागदी फूल गरम गोंदाने चिकटवलेलं असतं. त्यात लबाडी अशी की असलं वाळकं फूलही दमट हवेत मिटतं आणि कोरड्या हवेत उघडतं, त्यामुळे घरच्यांना ते जिवंत वाटतं. फूल टिकाऊ आहे, एवढं मान्य करावं लागेल.

तिसरा, सशाच्या कानांसारखा. याला लांब काटे नाहीत, नुसते पिवळे मखमली ठिपके. लहान मुलं आणि सासरे त्याला आपण होऊन हात लावतात. एकेका ठिपक्यात बारीक केसांएवढ्या काट्यांचा झुबका असतो, प्रत्येकाला टोकाशी उलटे दाते, आणि स्पर्श होताच ते झाडाला सोडून आपल्याकडे येतात. दिसत नाहीत, नुसते खुपतात. चिमट्यात सापडत नाहीत. चिकटपट्टी लावून ओढायची, बोट उजेडात तिरकं धरायचं, पुन्हा लावायची. मोठे काटे निदान समोरून येतात.

उजेडाचं प्रकरण वेगळंच. ऑफिसात कोणीतरी सांगतं की निवडुंग काँप्युटरचं रेडिएशन शोषून घेतो, म्हणून तो स्क्रीनच्या शेजारी ठेवला जातो. तो काहीही शोषत नाही, शोषण चाललेलं असतं ते त्याचंच. खिडकीपासून चार हात आत गेलं की त्याच्या दृष्टीने अंधारच. मग गोल निवडुंग वर बारीक, फिका, लांबुडका होत खिडकीकडे मान काढतो, आणि तो लांबलेला भाग पुन्हा कधीही गोल होत नाही. बरं, चूक सुधारावी म्हणून उचलून थेट उन्हात ठेवलं तर भाजतो, पांढरट-तपकिरी डाग पडतात, तेही कायमचे. वाळवंटातलं झाड, आणि त्याला ऊन बाधतं! त्याला उन्हाची सवय हप्त्याहप्त्याने लावायची असते. घराचे हप्ते कमी होते.

माझी मूळ तक्रार मात्र याहून गंभीर आहे. मोगऱ्याला पाणी कमी पडलं की तो माना टाकतो, तुळस पानं गाळते. निवडुंग कसलीही पूर्वसूचना देत नाही. मुळं कुजून जातात, आतला गाभा लिबलिबीत होतो, आणि बाहेरून हा हिरवागार, ताठ, हजेरीपटावर उपस्थित. आपण त्याला अंगठीतल्या खड्याइतकं जपत असतो. एक दिवस पुसायला म्हणून हात लावावा, तर बोट आत जातं. मृत्यू नेमका कोणत्या महिन्यात झाला, याचा पंचनामाही करता येत नाही.

यात परस्पर पाणी घालणारे किती, ते बघा. कामाच्या मावशींना कोरडी माती बघवत नाही. आईच्या मते झाडाला तहानलेलं ठेवलं तर पाप लागतं, ते कोणाला लागतं हे ती माझ्याकडे बघून सांगते. निवडुंगाचा असा नकळत नायनाट आपल्याकडे पूर्वीही झालाय: १७९५ मध्ये कंपनी सरकारच्या काळात किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून कोशिनील किडे भारतात आणले. आले भलत्याच जातीचे. रंगाचं काम फसलं, पण त्या किड्यांनी इथल्या फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. कुठे ब्राझील, केवढा तो गलबताचा खर्च! आमच्याकडे तेच काम एक तांब्या करतो.

शेवटी मी कुंड्या गच्चीवर पत्र्याखाली नेल्या. तिथे ऊन तिरकं येतं, पाऊस लागत नाही, आणि तांब्या जिना चढत नाही. आठवडाभरात समोरच्या काकूंची लेखी हरकत आली: काटेरी झाडांमुळे इमारतीत कलह वाढतो. इमारतीत कलह पार्किंगवरून आहे, टँकरच्या वर्गणीवरून आहे, आणि तो माझ्या पहिल्या कुंडीच्या आधीपासून आहे. काटेरी झाडाने माणसाचं वाईट केल्याचं एक पक्कं उदाहरण मला माहीत आहे. १९८२ साली अमेरिकेत, ॲरिझोनामध्ये एका इसमाने साग्वारो नावाच्या अजस्र निवडुंगावर बंदूक चालवली, निवडुंग त्याच्यावर कोसळला, इसम ठार झाला. त्यातही सुरुवात कोणी केली हे उघड आहे.

काकूंची स्वतःची मोठी कुंडी त्याच गच्चीवर असते. ब्रह्मकमळाची. जुलैत कळी फुगली की सगळ्या मजल्यांना निरोप जातो, रात्री अकराला निरांजन, हळदकुंकू, पेढे, आणि पहाटे फूल मान टाकेपर्यंत फोटो. खरं ब्रह्मकमळ हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं आणि ते सूर्यफुलाच्या कुळातलं. काकू ज्याची पूजा करतात तो मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा निवडुंग आहे, वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने माझ्या कुंड्यांचा सख्खा चुलतभाऊ. त्याला काटे नाहीत आणि पानांसारखी दिसतात ती खोडं आहेत, एवढाच काय तो फरक. यंदाच्या त्या रात्री प्रसादाच्या ताटलीत ड्रॅगनफ्रूटच्या फोडी होत्या. तोही निवडुंग. २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याचं कमलम असं नामकरण केलं आहे, तेव्हा चुलत घराण्याची सोय सगळीकडे लागलेली दिसते. मी प्रसाद घेतला, नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी समितीला अर्ज दिला: एकाच कुळातल्या सर्व झाडांना समान वागणूक मिळावी.

अर्जाचा विचार झाला, सभेला कोरम होता. इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागलं आहे. त्यात लिहिलंय की सर्व कुंड्यांना समान वागणूक देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला असून, यापुढे वॉचमन गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीला रोज सकाळी पाइपने पाणी घालेल. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक, काकू.