बाराचं बारसं, दहाचं बारावं

विंडोज १२ कधी येणार, हे २०२२पासून जगातल्या झाडून सगळ्या जाणकारांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त रेडमंडच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला.

जाणकारांचं गणित सरळ होतं. विंडोज ११ आलं २०२१ साली. कंपनी आता दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती काढणार, अशी आतल्या गोटातली बातमी होती. एकवीस अधिक तीन, चोवीस. त्यातच ऑक्टोबर २०२२मध्ये कंपनीच्या एका कार्यक्रमात पडद्याचं एक चित्र क्षणभर झळकलं. त्यात खालची टास्कबारची पट्टी तळाला चिकटलेली नव्हती, बोटभर वर उचललेली होती. एवढ्यावर घरात पाळणा हलणार हे पक्कं झालं. पुढे ‘हडसन व्हॅली’ हे प्रकल्पाचं टोपणनाव फुटलं आणि मंडळी घुगऱ्या भिजत घालून बसली. २०२४ उजाडलं, हडसन व्हॅलीतून जे बाहेर आलं ते ११चंच नवं अपडेट निघालं. नाव २४एच२. पुढच्या वर्षी २५एच२. अशी नावं ठेवायला आत्या लागत नाही, कारकून पुरतो. जाणकार मात्र खचले नाहीत. त्यांनी लेख तोच ठेवला, साल तेवढं बदललं.

त्यांना दोष तरी किती द्यायचा? एकदा त्यांचं खरं ठरलं होतं आणि तिथेच सगळा बिघाड झाला. जून २०२१मध्ये कंपनीने कार्यक्रमाचं निमंत्रण धाडलं. त्यातल्या चित्रात विंडोजच्या खिडकीतून जमिनीवर उजेड पडला होता. खिडकीला उभा गज आणि आडवा गज, दोन्ही होते. जमिनीवरच्या उजेडात मात्र आडव्या गजाची सावलीच नव्हती. उरल्या उजेडाच्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे ११! शिवाय कार्यक्रमाची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी ११ची. २४ जूनला खरंच विंडोज ११ जाहीर झालं. तेव्हापासून कंपनीच्या कुठल्याही चित्रातली एकही सावली तपासल्याशिवाय सुटत नाही. लगेच पुढचं संशोधनही झालं: जाहिरातीच्या चित्रांमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात ११:११ वाजले होते आणि तारीख होती २० ऑक्टोबर. झालं, वीस तारीख नक्की! विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबरला. या घराण्यात काही वेळेआधी येऊ शकतं, ही शक्यताच कोणी धरली नव्हती.

आणि का धरावी? पहिलं विंडोज १० नोव्हेंबर १९८३ रोजी वाजतगाजत जाहीर झालं आणि दुकानात आलं २० नोव्हेंबर १९८५ला. दोन वर्षं आणि वर दहा दिवस. पुढे ९५ आणि ९८ आपापल्या साली आली, कारण नावातच साल घातल्यावर डिसेंबर उलटून चालत नाही. ही शिस्त कंपनीला फार काळ मानवली नाही. २०००नंतर नावातून सालच काढून टाकलं.

मग व्हिस्टाचा प्रवास. कॅनडात व्हिस्लर आणि ब्लॅककोम असे दोन डोंगर आहेत. विंडोज एक्सपीचं टोपणनाव व्हिस्लर, त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीचं ब्लॅककोम. मध्ये एक छोटा थांबा घ्यावा असं ठरलं, तर त्याला नाव दिलं लाँगहॉर्न, म्हणजे त्या डोंगरांच्या पायथ्याच्या बारचं. बारचं नाव देताना कंपनीत कोणालाच काही खटकलं नाही. ‘एकेक घेऊन निघू’ म्हणत बसलेल्या मंडळींचं जे होतं तेच झालं. हेच पुढे व्हिस्टा झालं. येणार होतं २००३ साली. ऑगस्ट २००४मध्ये तोवरचं बरंचसं काम बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात व्हिस्टा पडलं ३० जानेवारी २००७ला. पडल्यावर गिऱ्हाईक पुन्हा एक्सपीच मागू लागलं, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतरचा चमत्कार २०१५चा. आठच्या पाठीवर थेट दहा जन्माला आलं. मधल्या नवाचं काय झालं, हे विचारायचं नाही. त्याच वर्षी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्यासपीठावरून सांगून टाकलं की, विंडोज १० हे शेवटचंच. कंपनीनेही ते ठामपणे खोडून काढलं नाही. शेंडेफळ म्हणून दहाचे लाड झाले, अंदाज बांधणाऱ्यांचा धंदा बसला. सहा वर्षांनी धाकटं भावंड हजर!

तर या घराण्यात जन्माची तिथी सहसा खरी ठरत नाही. पण मरणाची? ती बरीच आधी छापलेली असते. दहाचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला सुटणार, हे दहा जन्मलं त्याच वर्षी कंपनीने लिहून ठेवलं होतं आणि ते त्याच दिवशी झालं. एक्सपी ८ एप्रिल २०१४ला गेलं. सात १४ जानेवारी २०२०ला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर. तिन्ही दिवस मंगळवार, आणि तिन्ही महिन्याचा दुसरा मंगळवार. कुंडलीत मंगळ असावा तर असा.

गंमत म्हणजे या पक्क्या तारखेवर कोणी चर्चा करत नाही. येणाऱ्यावर बोलायला काही लागत नाही; जाणाऱ्याचं करायचं म्हटलं तर हातपाय हलवावे लागतात. एक्सपी २०१४च्या एप्रिलमध्ये गेलं. त्यानंतर चार वर्षांनी, जून २०१८मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं की बाबांनो, आधार संपलेल्या प्रणालींवर एटीएम चालवू नका, जून २०१९पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. तोवर आपण सगळे गतप्राण एक्सपीच्या हातून पैसे घेत होतो आणि वर पावतीही मागत होतो.

बँकांचं सोडा. कुठल्याही तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात डोकावा. एका कोपऱ्यात पिवळट पडलेला कॉम्प्युटर असतो, त्यात एक्सपी, एक्सपीत पेजमेकर, पेजमेकरमध्ये श्रीलिपी, मागे डोंगल खोचलेलं, आणि ते कोणी हलवू नये म्हणून वर चिकटपट्टी. अशाच एका दुकानदाराला मी बाराबद्दल छेडलं. त्याने मानही वर केली नाही. म्हणाला, “साहेब, नवीन टाकलं की फॉन्ट जातो. फॉन्ट गेला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ होते. भेळ छापून लग्नं लागत नाहीत. तुम्ही वधूच्या मामांची नावं तेवढी तपासा.” पुढच्या आवृत्तीबद्दल मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणपणाचं मत आहे, आणि ते कुठल्याही जाणकाराने दिलेलं नाही.

बरं, ज्यांना बदलायचं आहे त्यांचीही सोय नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीप हवी आणि प्रोसेसरही साधारण २०१८नंतरचा हवा. त्याआधीचा कॉम्प्युटर कितीही टुणटुणीत असो, उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. अशांसाठी कंपनीने दहाला वर्षभराची जादा मुदत दिली. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवू द्या, किंवा रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट मोजा. हे पॉइंट मिळवायचा एक मार्ग म्हणजे कंपनीच्या बिंगवर शोध घेत राहणं. सुरक्षेसाठी माणसं काय काय सोसतात!

तेव्हा वाचकहो, सावल्या मोजण्याचं काम जाणकारांवर सोडा. आज घरी गेल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन आपल्या कॉम्प्युटरवर कोण नांदतंय ते बघा. दहा असेल, तर त्याची ही जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. फोटो, मुलांच्या मार्कलिस्ट, घराचे कागद, जे काही त्यात असेल त्याची एक प्रत त्याआधी बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. ही तारीख टळणार नाही. त्या दिवशीही मंगळवारच आहे.